दिवंगत सभासदांचे स्मृतिलेख: माहिती जमवण्यापासून जतनापर्यंत

प्रश्न असा आहे: एका वस्तीच्या मंडळाने गेल्या वर्षभरात वारलेल्या सभासदांची स्मरणिका काढायचं ठरवलं. प्रत्येक घरून एक फोटो आणि थोडा मजकूर मागवला. आलेले मजकूर सगळे सारखेच: मनमिळाऊ, परोपकारी, हसतमुख. नावं झाकली तर कोणतं कोणाचं ते सांगता येत नाही. हे काम नीट कसं करावं, आणि पुढे टिकवावं कसं?

मजकूर सारखे येतात ते मागण्याच्या पद्धतीमुळे. दुःखात असलेल्या माणसापुढे कोरा कागद ठेवला की तो शोकसंदेशाची भाषा वापरतो, कारण त्या वेळी तीच हाताशी असते. म्हणून घरच्यांकडून लेख मागवणं थांबवा. त्यांच्याकडून माहिती घ्या, आणि लेख मंडळातल्या दोघा-तिघांनी लिहा.

दुसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. बहुतेक समित्या आधी तारखा, पदं आणि पुरस्कार गोळा करतात, आणि माणसांशी बोलणं शेवटावर ढकलतात. तिथेच काम बिघडतं. जन्मदाखला, नेमणूकपत्र, सभेचं इतिवृत्त हे सगळं वर्षभरानेही मिळेल. पण गेलेल्या माणसाबरोबर काम केलेला सोबती बहुधा त्याच्याच वयाचा असतो, आणि त्याच्या आठवणीतला बारीक तपशील काही महिन्यांत पुसट होऊन त्याची जागा 'फार चांगला माणूस होता' हे वाक्य घेतं. तेव्हा आधी माणसं, मग कागद, मग लेखन.

पहिले तीन महिने

मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत घरच्यांना प्रश्न विचारू नयेत. फक्त एक निरोप पोचवावा: मोबाइल फॉरमॅट करू नका, सिमकार्ड चालू ठेवा, आणि कपाट आवरताना निघालेल्या वह्या, डायऱ्या, पत्रं, फोटो रद्दीत न टाकता एका खोक्यात ठेवा. एवढंच. घराची आवराआवर साधारण याच दिवसांत होते आणि सर्वांत मोठं नुकसानही तेव्हाच होतं. मदतीला आलेले नातेवाईक चांगल्या हेतूनेच जुने कागद बाहेर काढतात.

मोबाइलकडे विशेष लक्ष द्या. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस वापरात नसेल तर सहसा काढून टाकलं जातं, आणि रिचार्ज न झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. त्या खात्यावरचे आवाजी निरोप हे कित्येकदा त्या माणसाच्या आवाजाचं एकमेव ध्वनिमुद्रण असतं. ते मिळवायला त्यांच्याच फोनचं कुलूप उघडायला हवं असं नाही. ज्यांना निरोप पाठवले त्यांच्या फोनवरही ते असतात. त्यांना त्या संभाषणात जाऊन 'एक्स्पोर्ट चॅट' करायला सांगा आणि मीडियासह पर्याय निवडायला लावा. खासगी बोलणं असेल तर फक्त हवा तो निरोप वेगळा काढून घ्यावा. फेसबुकवर खातं असेल तर घरच्यांना ते स्मरणार्थ खात्यात बदलून घेता येतं. २०१५ पासून जिवंतपणीच त्यासाठी वारस-संपर्क ('लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे मृत्यूनंतर ते खातं सांभाळणारी व्यक्ती) नेमण्याची सोय आहे. ही सोय हयात सभासदांना आत्ताच सांगून ठेवावी.

प्रत्यक्ष बोलणी तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत उरकावीत. त्याआधी माणसं थकलेली असतात आणि औपचारिक बोलतात. फार उशीर केला की आपापसांत सांगून सांगून आठवणी गुळगुळीत झालेल्या असतात, सगळे एकच प्रसंग एकाच शब्दांत सांगतात. लेखन सहाव्या-आठव्या आठवड्यानंतर सुरू करा.

कोणाशी बोलावं

प्रत्येक व्यक्तीमागे किमान पाच जण: घरातला एक, भावंड किंवा लहानपणचा सोबती, कामाच्या ठिकाणचा एक, मंडळातला एक, आणि वयाने खूप लहान असा एक. या पाचव्याला बहुतेक ठिकाणी कोणी विचारतच नाही, आणि उपयोगी तपशील बहुतेकदा त्याच्याकडेच निघतो. मोठ्यांना त्या माणसाचा हुद्दा आणि नाती दिसतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिसतं की आजोबा पेन्सिलीला टोक नेहमी ब्लेडनेच काढायचे आणि मग ते बोटावर टेकवून बघायचे.

फक्त घरच्यांवर विसंबू नये, याला आणखी एक कारण आहे. शेवटचं आजारपण लांबलेलं असेल तर घरच्यांच्या मनात तेच शेवटचं दीड-दोन वर्षांचं चित्र ठसलेलं असतं. औषधं, दवाखाना, सहनशीलता. त्याआधीची साठ-सत्तर वर्षं त्यामागे झाकली जातात. बाहेरची माणसं ती परत आणतात. घरच्यांनाही त्यातलं बरंच नवीन असतं, आणि ते वाचून त्यांना जे बरं वाटतं ते कोणत्याही सांत्वनाने वाटत नाही. या सगळ्या खटाटोपाचं मोल मला तिथेच दिसतं.

काय विचारावं

'ते कसे होते?' हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर विशेषणांतच येतं. ज्याचं उत्तर कृतीत, वस्तूत किंवा वाक्यात द्यावं लागेल असे प्रश्न विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काय करत? खिशात किंवा पर्समध्ये काय असायचंच? कोणतं काम दुसऱ्याला करू देत नसत? कशावर चिडत, आणि चिडल्यावर काय करत? कोणतं वाक्य सारखं तोंडी असे? पैसे कशावर सहज खर्च करत आणि कशावर हात आखडत? कोणाशी अबोला होता, तो मिटला का? आयुष्यात काय सोडून द्यावं लागलं?

यांत मला सर्वांत फलदायी वाटणारा प्रश्न असा: ते गेल्यापासून कोणतं काम अडलंय? सुरुवातीला लोक गोंधळतात, मग बोलू लागतात. टाकीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा हे कोणालाच ठाऊक नाही. कार्यक्रमाआधी खुर्च्या मोजून कोण घेतं ते आत्ता कळलं. नव्या भाडेकरूला कचऱ्याच्या वेळा सांगायला आता कोणी जात नाही. वस्तीत त्या माणसाची जागा नेमकी कोणती होती हे या उत्तरांतून समजतं, आणि लेखाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा इथूनच निघतं.

बोलणं ४०-४५ मिनिटांच्या पुढे नेऊ नका. समोर जुने फोटो किंवा त्या माणसाची एखादी वस्तू ठेवली तर आठवणी क्रमाने येतात. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न न टाकता पाच-सात सेकंद थांबा. खरा तपशील पुष्कळदा त्या शांततेनंतर येतो. दोघांना एकत्र बसवलं तर ते एकमेकांच्या चुका सुधारतात, हा फायदा. पण मोठ्या आवाजाचा माणूस दुसऱ्याला गप्प करतो, म्हणून निदान एकदा प्रत्येकाशी वेगळं बोलावं. कोणाला रडू आलं तर थांबा आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवायचं की बंद करायचं ते विचारा. न विचारता चालू ठेवणं चुकीचं, आणि न विचारता बंद करणंही, कारण कित्येकांना नेमकं तेव्हाच बोलायचं असतं.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल चालतो. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, फोन बोलणाऱ्यापासून २०-३० सेंटिमीटरवर एखाद्या घडी केलेल्या कापडावर. थेट टेबलावर ठेवला तर हात टेकल्याचे धक्के मुद्रित होतात. अ‍ॅपमध्ये सोय असेल तर वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. एका वाहिनीवर (मोनो) तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते, ती आधी मोकळी करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावं आणि 'हे मुद्रण मंडळाच्या संग्रहासाठी आहे, तुमची संमती आहे का?' हा प्रश्न आणि त्याचं उत्तर मुद्रणातच येऊ द्या. एका तासाचं मुद्रण उतरवून काढायला सवयीच्या माणसालाही चार ते सहा तास जातात. म्हणून सगळं शब्दशः उतरवण्याच्या मागे लागू नका. दर पाच मिनिटांना काय विषय होता याची एक ओळ लिहा आणि उपयोगाची वाक्यं तेवढी नेमकी उतरवा.

पडताळणी

स्मरणिकेतल्या चुका घरच्यांना वर्षानुवर्षं टोचतात, म्हणून हा भाग नीट करावा लागतो.

वय: वर्षांची नुसती वजाबाकी करू नका. जन्म नोव्हेंबर १९४८ आणि मृत्यू मार्च २०२५ असेल तर वजाबाकी ७७ येते, पण पूर्ण झालेलं वय ७६. जुन्या पिढीत शाळेतली जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख वेगळी असणं नेहमीचंच. दोन्ही मिळाल्या तर दोन्ही संग्रहात नोंदवा, आणि छापताना कोणती घेतली ते फाइलमध्ये लिहून ठेवा.

नावं: आडनावातलं ऱ्हस्व-दीर्घ घरच्यांच्या सहीवरून तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची दोन्ही नावं द्या. शाळेची मैत्रीण त्यांना माहेरच्या नावानेच ओळखते आणि पुढे शोधणाऱ्याला तेच नाव माहीत असतं. टोपणनाव सर्वांच्या तोंडी असेल तर तेही द्यावं, पण घरच्यांना विचारून. नावाआधीची उपाधी सर्वांसाठी एकच ठेवा. 'दिवंगत' हा शब्द कोणत्याही धर्माच्या किंवा निधर्मी माणसाला चालतो.

'पहिले', 'संस्थापक', 'सलग ३० वर्षं' अशी विधानं इतिवृत्ताशी ताडून पाहिल्याशिवाय छापू नयेत. संस्थापक म्हणून सांगितल्या जाणाऱ्यांची संख्या सहसा मूळ सह्यांपेक्षा जास्त निघते, आणि ज्यांची सही आहे पण लेखात नाव नाही त्यांचे घरचे दुखावले जातात. पुरावा नसेल तर 'सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी' म्हणा.

मागे राहिलेल्यांची यादी. पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडं. तक्रारी सगळ्यात जास्त येतात त्या या ओळीवरून. सावत्र मुलं, विभक्त जोडीदार, लग्नाशिवायची दीर्घ सोबत, अबोला असलेला भाऊ, आधीच वारलेलं मूल यांतलं कोणीतरी राहतं किंवा कोणाला तरी नको असतं. उपाय दोन. घरातल्या दोघांकडून यादी लेखी घ्या. किंवा ही यादी कोणाच्याच लेखात देऊ नका. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. लेखात जे नातं जिवंतपणे येतं ते यादीपेक्षा जास्त सांगतं. मात्र नियम सर्वांना एकच हवा.

मृत्यूचं कारण घरच्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय लिहू नये, आणि 'काय झालं होतं?' अशी चौकशी त्या निमित्ताने करूही नये. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी दिलेल्या सूचना स्मरणिकेलाही तंतोतंत लागू पडतात: पद्धत, ठिकाण, चिठ्ठीतला मजकूर छापू नये, एकाच कारणावर बोट ठेवू नये, आणि मृत्यूला सुटका किंवा शांती म्हणून रंगवू नये. वस्तीत तोच विचार मनात घोळणारं आणखी कोणी असू शकतं. लेख त्या माणसाच्या जगण्यावर लिहा.

पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता, आईचं माहेरचं आडनाव आणि बँकेशी जोडलेला नंबर हे एकत्र छापलं की फसवणूक करणाऱ्याला आयतं साहित्य मिळतं. छापील पानावर फक्त जन्मवर्ष आणि मृत्यूची तारीख पुरते. शोकसभेची वेळ आणि घरचा पत्ता एकाच ठिकाणी देऊ नये, कारण घर कधी रिकामं असणार हे त्यातून जाहीर होतं.

सर्वांना समान जागा

लिहायला बसण्याआधी एक ठराव करून घ्या: अध्यक्ष असो वा रात्रपाळीचा पहारेकरी, प्रत्येकाला एक पान, तेवढाच फोटो, तेवढेच शब्द. क्रम मृत्यूच्या तारखेने किंवा अकारविल्हे. हा ठराव आधी झाला नाही तर वजनदार घरातून दोन पानं येतात आणि मग कोणी नाही म्हणू शकत नाही.

याची दोन मोठी उदाहरणं अभ्यासण्यासारखी आहेत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सने मृतांची छोटी शब्दचित्रं महिनोन्‌महिने छापली. प्रत्येकी साधारण २०० शब्द, त्यांत पदांची जंत्री नाही, एखादी सवय किंवा आवड. बड्या अधिकाऱ्यालाही तेवढंच आणि उपाहारगृहातल्या कामगारालाही तेवढंच. त्यावर झालेली टीकाही लक्षात ठेवावी: सगळेच प्रेमळ, सगळेच कुटुंबवत्सल दिसू लागले. दुसरं उदाहरण १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एड्स स्मृती-गोधडीचं, म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत तुकडे जोडून केलेल्या गोधडीचं. तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, माणूस कोणीही असो. पण त्या मापात काय शिवायचं हे जवळच्यांनी ठरवायचं. माप सर्वांना एक आणि आतला ऐवज ज्याचा त्याचा, हे तत्त्व स्मरणिकेलाही पुरेसं आहे.

लेखन

३०० शब्द हे माप मला योग्य वाटतं. शोकसभेत सावकाश वाचलं तर तीन मिनिटं लागतात आणि फोटोसह एका पानात बसतं. दहा जणांचं वाचन, मधल्या विरामांसह, ४० मिनिटांत होतं. त्यापुढे ऐकणाऱ्यांचं लक्ष राहत नाही आणि शेवटच्या दोघांवर अन्याय होतो. वाचणाऱ्याने नावांचे उच्चार आदल्या दिवशी घरच्यांकडून ऐकून घ्यावेत.

जन्म, शिक्षण, नोकरी, पदं हे सगळं पानाच्या वरच्या बाजूला एका चौकटीत चार ओळींत टाका. मग लेखाच्या शब्दांना मोकळीक मिळते. पहिलं वाक्य मृत्यूचं किंवा जन्माचं नको, त्या माणसाच्या करण्याचं हवं.

हे कसं बदलतं ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा घरून असा मजकूर आला: 'त्या अत्यंत प्रेमळ, शिस्तप्रिय आणि समाजसेवेची आवड असणाऱ्या होत्या. त्यांनी वाचनालयाची निःस्वार्थ सेवा केली. त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' आता वाचनालयातल्या दोघांशी बोलल्यावर लेख असा सुरू होऊ शकतो:

'वाचनालयाचं देवघेवीचं टेबल २२ वर्षं, सोमवारी आणि गुरुवारी, त्यांच्याकडे होतं. परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवण्याआधी त्या ते उलटं धरून हलकेच झटकत. आत राहिलेली चिठ्ठी, तिकीट, कधी एखादी नोट पडली की पाकिटात घालून वर सभासद क्रमांक लिहीत. टेबलाच्या खालच्या खणात अशी ४१ पाकिटं निघाली. पान दुमडणाऱ्याला त्या काही बोलत नसत. त्याच्या पुढच्या पुस्तकात एक कागदी पट्टी घालून देत.'

शिस्त आणि माया दोन्ही इथे आहेत, पण शब्द वापरावे लागले नाहीत. शिवाय हे दुसऱ्या कोणाच्या नावावर खपणार नाही. मसुदा झाल्यावर हीच चाचणी लावा: नाव झाकून मंडळातल्या तिघांना वाचायला द्या. दोघांनी ओळखलं तर लेख जमला. कोणीच ओळखलं नाही तर लिहिण्यावर वेळ घालवू नका, माहिती अपुरी आहे, आणखी एकाशी बोला.

आकडे आणि वस्तू फक्त खऱ्याच. मुलाखतीत 'खूप वर्षं' म्हटलं असेल तर लेखात '२२ वर्षं' आपल्या मनाने करू नये. सुंदर तपशील रचून घालण्याचा मोह अनुभवी लेखकालाही होतो. पण घरच्यांनी एक रचलेला तपशील ओळखला की उरलेल्या पानावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

दोष लिहावेत का? थोडे, आणि कृतीतून. 'रागीट होते' असं लिहिलं तर तो निवाडा होतो. 'सभा पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तर उठून जात, आणि दुसऱ्या दिवशी सचिवांकडे येऊन इतिवृत्त वाचत' हे वाचून ओळखीच्यांना ते माणूस दिसतात आणि कोणी दुखावत नाही. पण ज्याने घरात किंवा बाहेर खरोखर कोणाला छळलं आहे अशा माणसाचं काय? इथे मी ठाम आहे: खोटी स्तुती करू नका. चौकट भरा, केलेलं सार्वजनिक काम नेमकं लिहा, 'आदर्श पती', 'सर्वांचा आधार' असे शब्द कटाक्षाने गाळा. ज्याने ते सोसलं आहे तो माणूसही ही स्मरणिका वाचणार आहे.

काही जणांबद्दल माहितीच मिळत नाही. एकटे राहणारे, नव्याने आलेले, कोणाशी फारसं न बोलणारे. त्यांच्यासाठी हजेरीपट, वाचनालयाची देवघेव, देणगीच्या पावत्या, तक्रारवही, गटफोटो चाळा. शेजारच्या दारात विचारा. रोज त्यांच्याकडे काहीतरी पोचवणाऱ्या माणसाला विचारा. एखाद्याने पाच वर्षांत घेतलेल्या पुस्तकांची यादीसुद्धा माणूस उभा करते. तरीही १२० शब्दच होत असतील तर १२० च छापा, पान पूर्ण द्या, उरलेल्या जागेत त्यांच्या हस्ताक्षराचा किंवा कामाचा फोटो ठेवा.

मंजुरी

मसुदा घरच्यांना दाखवावा, पण घराने नेमलेल्या एकाच व्यक्तीला, आणि सात दिवसांची मुदत देऊन. पाच जणांना पाठवला तर पाच वेगळ्या दुरुस्त्या येतात आणि शेवटी विशेषणंच उरतात. तथ्याच्या चुका लगेच सुधारा. कोणाचं वाक्य अवतरणात असेल तर बदलण्याचा हक्क बोलणाऱ्याचा, घरच्यांचा नाही. मात्र ते वाक्य गाळा असं घरच्यांनी म्हटलं तर गाळावं. एकमत होत नसेल तर वादाचा तपशील छापील पानातून काढून संग्रहात ठेवा.

संमतीपत्रात तीन गोष्टी हव्यात: काय छापायचं, काय इंटरनेटवर टाकायचं, आणि काय बंद ठेवायचं व कोणत्या वर्षापर्यंत. कागद एक पानाच्या पुढे जाऊ देऊ नका.

फोटो

शेवटच्या आजारातला किंवा ओळखपत्राचा फोटो टाळून, माणूस कामात असतानाचा निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि छपाईत फुटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. कागदी फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन करा. ४ बाय ६ इंचांचा फोटो तेव्हा २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि ३०० डीपीआयवर दुप्पट आकारात स्वच्छ छापता येतो. टिफ फाइल रंगीत आणि न आकसवलेली असेल तर सुमारे २६ एमबी होते. ती मूळ प्रत म्हणून ठेवा आणि वापरायला वेगळी जेपेग काढा.

गटफोटो कापून ठेवू नका. डावीकडून उजवीकडे नावं लिहा, ओळखू न आलेल्याच्या जागी 'अनोळखी' असं लिहून जागा राखा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पसरते. अस्पष्ट चेहरा सॉफ्टवेअरने 'स्पष्ट' करून घेऊ नका. तो चेहरा अंदाजाने बनवलेला असतो, आणि घरच्यांना पाहताक्षणी कळतं की हे आपले बाबा नाहीत.

जतन

मजकूर युनिकोडमध्येच (कोणत्याही संगणकावर वाचता येणारी प्रमाण अक्षरपद्धत) टाइप करा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये छापखान्यासाठी केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर अर्थहीन अक्षरांचा गठ्ठा दिसतो आणि शोधलाही जात नाही. छापखान्याला तसाच लागत असेल तर युनिकोडची मूळ प्रत आपल्याकडे ठेवून मग रूपांतर करून द्या, आणि रूपांतरानंतर रफार व जोडाक्षरं पुन्हा वाचा. चुका नेमक्या तिथेच शिरतात.

प्रत्येकाचा एक फोल्डर, नाव '२०२५-आडनाव-नाव' अशा एकाच साच्यात. आत मुद्रण, फोटो, टिपणं, संमतीपत्र, अंतिम लेख. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक मंडळाच्या इमारतीबाहेर. पासवर्ड दोघांकडे. वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला प्रत्येक प्रत उघडून पाहा, कारण कपाटात पडून राहिलेली हार्ड डिस्क बंद पडल्याचं लागेल तेव्हाच कळतं. फक्त संकेतस्थळावर विसंबू नका, नूतनीकरणाचे पैसे भरायचे राहिले की ते जातं.

कागदी प्रत हवीच. आम्लविरहित कागदावर दोन प्रती छापून घ्या. मूळ पत्रांच्या टाचण्या आणि क्लिपा काढा, त्या गंजतात. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. चिकट पानांचे अल्बम आणि पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यांतला गोंद पिवळा पडतो आणि प्लास्टिक फोटोला चिकटतं.

हयात सभासदांसाठीही एक पान सुरू करा. लंडनची रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था आपल्या फेलोंकडून (निवडून घेतलेल्या सभासदांकडून) त्यांच्या हयातीतच वैयक्तिक नोंदी मागवून ठेवते, पुढे चरित्रलेख लिहिणाऱ्याला त्या मिळतात. मंडळालाही हे जमतं. दोन पानी नमुना, बंद पाकीट, वर नाव आणि तारीख. 'माझ्याबद्दल काय लिहू नये' हाही एक प्रश्न त्यात ठेवा.

स्मरणिका वाटल्यानंतरच्या तीन महिन्यांसाठी एक माणूस नेमून ठेवा, त्याचा फोन नंबर शेवटच्या पानावर छापा. वाचून झाल्यावरच लोक फोन करतात: ते साल चुकलंय, त्या फोटोतला तिसरा माझा भाऊ आहे, तुम्हाला एक गोष्ट माहीतच नाही. मूळ फाइलमध्ये जुना मजकूर न पुसता दुरुस्ती तारीख आणि सांगणाऱ्याच्या नावासह खाली जोडा, छापील चूक पुढच्या अंकात त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्त करा, आणि ज्या घराचा तो लेख आहे त्यांना सुधारलेलं पान नव्याने छापून पोचवा.